चांदण्या रात्रीचं दुर्बीण-निरीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांदणं पडलेलं असताना दुर्बीण बाहेर काढावी का?

जरूर काढावी, फक्त त्या रात्रीची यादी वेगळी ठेवावी. चांदण्यामुळे आकाशाची पार्श्वभूमी उजळते. त्यामुळे मुळातच आकाशापेक्षा जेमतेम उजळ असलेल्या गोष्टी बुडतात: दीर्घिका, पसरट तेजोमेघ, धूमकेतूची शेपटी, आकाशगंगेचा पट्टा. चंद्र, ग्रह, जोडतारे, ठळक खुले तारकागुच्छ आणि लहान पण दाट ग्रहीय तेजोमेघ (मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेली वायूची कवचं) मात्र तग धरतात. दुर्बिणीची भेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची ताकद, चांदण्याने तसूभरही कमी होत नाही. बारकावे बघायचे असतील तर हवा स्थिर आहे का हे आधी बघा, चंद्राची चिंता नंतर.

चंद्राचा उजेड नेमका किती नडतो?

पौर्णिमेच्या चंद्राची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकी वस्तू उजळ) सुमारे −१२.७ असते. अर्धा चंद्र मात्र त्याच्या निम्मा उजळ नसतो, जेमतेम एक-दशांश असतो. अष्टमीला चंद्रावर सगळीकडे लांब सावल्या पडलेल्या असतात. पौर्णिमेला सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून सरळ पडतो, सावल्या आपल्या नजरेआड जातात आणि चंद्रावरची धूळ प्रकाश आल्या दिशेने जास्त परतवते. म्हणून अष्टमीचा चंद्र बऱ्यापैकी निभावून नेता येतो. खरी अडचण शुद्ध द्वादशीपासून वद्य तृतीयेपर्यंत.

अंधाऱ्या ठिकाणी अमावास्येच्या आकाशाची तेजस्विता दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) २१.५ ते २२ प्रतीच्या आसपास असते; पौर्णिमेला ती १८ च्या जवळ येते. साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे पार्श्वभूमी सुमारे २५ पट उजळ. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीऐवजी चौथ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात.

हवेतल्या धुळीने आणि बाष्पाने हा उजेड आणखी पसरतो. पाऊस पडून गेल्यावर आकाश खळखळून धुतलं गेलेलं असेल, तर चंद्रापासून ६०-७० अंशांवर बरंच बघता येतं. धुरकट हवेत तेवढ्याच चंद्राने सगळं आकाश दुधाळ होतं.

चंद्रापासून किती दूर बघावं?

ढोबळमानाने ४० अंशांच्या आतलं काही क्षीण बघायला जाऊ नका. ताठ धरलेल्या हाताची मूठ सुमारे १० अंश व्यापते, म्हणजे चार मुठी. चंद्रापासून साधारण ९० अंशांच्या पट्ट्यात आकाश सर्वांत काळं असतं. तो पट्टा जिथे डोक्यावर येतो तिथली लक्ष्यं निवडा, कारण क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो आणि विखुरलेला उजेडही जास्त.

पूर्ण अंधार हवाच असेल तर रात्रीचा कोणता भाग वापरावा?

शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पुढची रात्र मोकळी. वद्य पक्षात चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकतो. पौर्णिमेनंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री संधिप्रकाश संपल्यापासून चंद्र उगवेपर्यंत तास-दीड तास खरा अंधार मिळतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की संधिप्रकाश संपला असं धरतात. हा तास फुकट जातो तो तयारीअभावी. दुर्बीण दिवस मावळतानाच बाहेर थंड व्हायला ठेवा आणि चार-पाच लक्ष्यांचा क्रम आधी ठरवा, पश्चिमेला कलणारी आधी.

पौर्णिमेला चंद्र सर्वांत चांगला दिसतो ना?

नाही. दुर्बिणीतून बघायला ती सर्वांत सपाट तिथी. उठाव दिसतो तो सावल्यांमुळे, आणि सावल्या असतात त्या प्रकाश-छायेच्या सीमारेषेवर. ही रेषा चंद्राच्या विषुववृत्ताजवळ ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने सरकते. त्यामुळे एकाच विवरावर तासभर दुर्बीण रोखून बसलं, तरी बदल डोळ्यांदेखत घडतो. आधी विवराचा तळ शाईसारखा काळा असतो. मग पश्चिमेकडची भिंत वरून खाली उजळत येते. नंतर मधल्या शिखराचं टोक त्या काळ्यात एकटंच ठिपक्यासारखं पेटतं आणि शेवटी तळावर शिखराची टोकदार सावली पसरलेली दिसते. १०० मिलीमीटरच्या दुर्बिणीतूनही हे स्पष्ट दिसतं.

तिथीप्रमाणे काय बघावं, ते असं. तृतीया-चतुर्थीला मारे क्रिसियम (‘मारे’ म्हणजे चंद्रावरचा काळसर सपाट प्रदेश) आणि लँग्रेनस विवर. शिवाय काळ्या भागावर पृथ्वीवरून परावर्तित झालेला मंद उजेड. षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही विवरांची तिकडी. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास ब्लँकिनस, ला काय आणि पुर्बाख या विवरांच्या कडांवर ऊन पडून इंग्रजी ‘एक्स’ अक्षराचा आकार उमटतो. तो चार-एक तासच दिसतो आणि त्या वेळी चंद्र आपल्याकडे क्षितिजाच्या वर असेलच असं नाही, म्हणून वेळ आधी काढून ठेवावी लागते. नवमीला रुपेस रेक्टा ही सरळ कडा: लांबी सुमारे ११० किलोमीटर, उंची जेमतेम २५०-३०० मीटर, तरी सावलीमुळे काळी रेघ ओढल्यासारखी दिसते. वद्य अष्टमीच्या आधी तीच कडा पांढरी दिसते, कारण तिचा उतार पश्चिमेला आहे आणि तेव्हा ऊन थेट त्याच्यावर पडतं. दशमीला कोपर्निकस, ९३ किलोमीटर व्यासाचं, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतींचं विवर. कुणाला चंद्रावरचं एकच काही दाखवायचं असेल तर हेच दाखवावं. एकादशीच्या आसपास सायनस इरिडमचा तळ अंधारात असतानाच त्याला वेढणाऱ्या जुरा पर्वतांवर ऊन पडतं आणि सीमारेषेबाहेर उजळ कंस तरंगताना दिसतो.

पौर्णिमेलाही काम आहेच, पण ते उठावाचं नव्हे, रंगछटांचं. टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे दीड हजार किलोमीटरपेक्षा लांब गेलेले दिसतात. कोपर्निकस, केप्लर, प्रोक्लस यांचेही पट्टे आणि अरिस्टार्कसचा झगझगीत ठिपका बघा. ४०-६० पट वर्धनावर मारे ट्रँक्विलिटॅटिस आणि मारे सेरेनिटॅटिस एकाच वेळी क्षेत्रात (दुर्बिणीतून एका वेळी दिसणाऱ्या भागात) आणले, की पहिल्यात किंचित निळसर झाक जाणवते. तिथल्या खडकांत टायटॅनियम जास्त आहे.

चंद्रावर किती बारीक तपशील दिसू शकतो?

चंद्राच्या अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे १.९ किलोमीटर. दुर्बिणीची मर्यादा काढायला ११६ ला व्यासाने (मिलीमीटरमध्ये) भागा: ११४ मिलीमीटरला सुमारे १ आर्कसेकंद, १५० ला ०.७७, २०० ला ०.५८. हवा मात्र बहुतेक रात्री १.५ ते ३ आर्कसेकंदांवरच अडवते. कसोटीला प्लेटो विवर घ्या. १०१ किलोमीटरच्या त्या गुळगुळीत तळावर दोन-अडीच किलोमीटरची काही पिल्लू-विवरं आहेत. १५०-२०० मिलीमीटरच्या दुर्बिणीत ती दिसली, तर हवा उत्तम आहे आणि आरसे जुळलेले आहेत असं समजा. न दिसल्यास लगेच दुर्बिणीला दोष देऊ नका. सूर्य तिथे किती उंचीवर आहे यावरही ते दिसणं अवलंबून असतं.

चंद्राकडे दुर्बिणीतून बघितल्याने डोळ्यांना इजा होते का?

होत नाही. दुर्बीण कितीही मोठी असली तरी चंद्राच्या पृष्ठभागाची तेजस्विता नुसत्या डोळ्यांना दिसते त्यापेक्षा वाढत नाही. चंद्र फक्त मोठा दिसतो आणि डोळ्यात एकूण प्रकाश जास्त जातो. डोळे दिपतात ते अंधाराला सरावलेले असल्यामुळे. नंतर काही मिनिटं त्या डोळ्यापुढे काळा डाग राहतो, तो आपोआप जातो.

एक धोका खरा आहे. दिवसा चंद्र बघताना सूर्य आकाशात असतो. दुर्बीण किंवा फाइंडर (लक्ष्य शोधायला दुर्बिणीवर बसवलेलं लहान साधन) चुकूनही सूर्यावर गेला तर क्षणात कायमची इजा होते. दिवसा निरीक्षण करायचं तर दुर्बीण इमारतीच्या सावलीत अशी ठेवा की सूर्याकडे वळवायचं म्हटलं तरी मध्ये भिंत येईल. मून फिल्टर लावून सूर्य बघणंही तितकंच घातक आहे.

मग मून फिल्टर लागतोच का?

सोय म्हणून ठीक, गरज म्हणून नाही. बाजारात मिळणारा ठरावीक घनतेचा फिल्टर बहुधा १३ किंवा २५ टक्के प्रकाश सोडतो. ८०-१०० मिलीमीटरच्या दुर्बिणीला १३ टक्क्यांचा फिल्टर लावून १५० पट वर्धन ठेवलं, तर चंद्र उगाच मळकट दिसतो. मोठी दुर्बीण असेल तर दोन ध्रुवकांचा (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या काचांचा), फिरवून १ ते ४० टक्क्यांपर्यंत प्रकाश बदलता येणारा फिल्टर जास्त कामाचा. स्वस्त हिरव्या काचेचे फिल्टर टाळा. त्यांच्या काचेची पातळी बरोबर नसल्यास प्रतिमा मऊ होते.

फिल्टर नसेल तर वर्धन वाढवा. वर्धन दुप्पट केलं की दृश्याची तेजस्विता चौथाई होते. दुसरा उपाय त्याहून सोपा: शेजारी एक मंद पांढरा दिवा लावून ठेवा, म्हणजे डोळे अंधाराला पूर्ण सरावतच नाहीत. चंद्र आणि ग्रह बघताना अंधाराला सरावलेला डोळा लागत नाही, उलट उजेडातली दृष्टी जास्त बारीक आणि रंग ओळखणारी असते.

चांदण्यात सर्वांत हमखास दिसणारं लक्ष्य कोणतं?

जोडतारे. तारा हा बिंदू असतो, तर आकाश पसरट. वर्धन वाढवलं की पार्श्वभूमी काळवंडत जाते, ताऱ्याचा बिंदू तसाच राहतो. १५०-२०० पटीला पौर्णिमेचं आकाशही आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) पुरेसं गडद दिसतं. शिवाय फार तेजस्वी ताऱ्यांची चकाकी काळ्याकुट्ट आकाशात जास्त खुपते, चांदण्यात ती कमी जाणवते. त्यामुळे रंगांची तुलनाही नीट होते.

सुरुवात वसिष्ठापासून करा. शेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच १४ आर्कसेकंदांवरचे दोन तारे म्हणून उलगडतो, ५० पटीलाही. हंस समूहातला अल्बिरिओ ३४ आर्कसेकंदांवर, एक पिवळा आणि एक निळसर. देवयानीतला अल्माक त्याच रंगांचा, पण अंतर १० आर्कसेकंदांहून थोडं कमी आणि त्यामुळे रंग जास्त उठून दिसतात. आमच्या मते या दोहोंत अल्माक सरस. सिंहेतला अल्गिबा सुमारे ४.७ आर्कसेकंदांवर, दोन्ही तारे सोनेरी. १०० पट लागतात. बृहल्लुब्धकातला एच ३९४५ सुमारे २७ आर्कसेकंदांवर, नारिंगी आणि निळा. श्यामशबलमधला कोर कॅरोली १९ वर.

मग कठीण तारे. स्वरमंडलातला एप्सिलॉन लायरे द्विनेत्रीत दोन तारे दाखवतो आणि त्या दोघांपैकी प्रत्येक पुन्हा सुमारे २.३ आर्कसेकंदांवरची जोडी आहे. ८० मिलीमीटरच्या दुर्बिणीला गणिताने हे जमतं, पण १५० पटीच्या खाली प्रयत्न करू नका आणि हवा उकळत असेल तर थांबा. भूतपमधला इझार २.९ आर्कसेकंदांवर असूनही अवघड, कारण एक तारा दुसऱ्यापेक्षा बराच मंद आहे. राजन्याचा जोडीदार साडेनऊ आर्कसेकंदांवर आहे, तरी राजन्य त्याच्या चारशेहून अधिक पट तेजस्वी असल्याने तो चकाकीत दडतो. जोडताऱ्यांत नुसतं अंतर बघून यादी केली की निराशा होते. दोघांच्या प्रतींतला फरकही आधी बघून ठेवा.

ग्रहांवर चांदण्याचा परिणाम होतो का?

गुरू, शनी, मंगळ, शुक्र यांच्यावर नाही. गुरूजवळच पौर्णिमेचा चंद्र असला तरी त्याचे पट्टे तेवढेच दिसतात. शनीच्या कड्यांमधली कॅसिनी फट दिसायला स्थिर हवा हवी, अंधार नको. शनीचे मंद चंद्र मात्र अडचणीत येतात, टायटन ८.४ प्रतीचा असल्याने दिसतो, बाकीचे लहान दुर्बिणीतून सोडून द्या. युरेनस आणि नेपच्यून शोधायचे असतील तर चंद्र दूर असेल अशी रात्र निवडा. त्यांची चकती दिसायला अडचण नसते, अडचण असते ती फाइंडरमधून वाट काढण्याची.

दीर्घिका आणि तेजोमेघ पूर्ण सोडून द्यायचे का? फिल्टरने काही होतं का?

दीर्घिका सोडून द्या. त्यांचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रकाश, तो सगळ्या तरंगलांबींत पसरलेला. चांदणंही तसंच. एकाला अडवणारा फिल्टर दुसऱ्यालाही अडवतो.

उत्सर्जन तेजोमेघांचं तसं नाही. त्यांचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असतो: द्वि-आयनित ऑक्सिजनच्या ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या दोन रेषा आणि हायड्रोजन-बीटाची ४८६.१ नॅनोमीटरची. यूएचसी फिल्टर या तिन्ही सोडतो, ओ-थ्री फिल्टर फक्त ऑक्सिजनच्या दोन. बाकी चांदणं अडतं आणि तेजोमेघ उठून येतो. १५० मिलीमीटरपेक्षा लहान दुर्बिणीला यूएचसी बरा, कारण ओ-थ्रीने क्षेत्रातले तारेही जवळजवळ विझतात.

चांदण्यात लहान आणि दाट ग्रहीय तेजोमेघ निवडा (एम आणि एनजीसी हे अशा वस्तूंच्या याद्यांतले क्रमांक): स्वरमंडलातलं एम ५७ कंकण, मिथुनेतला एनजीसी २३९२, वासुकीतला एनजीसी ३२४२, देवयानीतला एनजीसी ७६६२, कालेयातला एनजीसी ६५४३. कमी वर्धनावर हे ताऱ्यासारखे दिसतात आणि हातचे निसटतात. ओळखायची युक्ती: फिल्टर आयपीसला न लावता डोळा आणि आयपीस यांच्यामध्ये बोटांनी धरून आत-बाहेर करा. फिल्टर मध्ये आला की सगळे तारे मंदावतात, पण एक ठिपका आहे तसाच राहतो. तोच तो. मग १५० पटीवर जा.

मृगातला एम ४२ पौर्णिमेलाही दिसतो, फक्त त्याचे पंख छाटलेले असतात. मध्यातले ट्रॅपेझियमचे चार तारे व्यवस्थित दिसतात. शौरीतला एम १३ बंदिस्त गुच्छ २०० मिलीमीटरच्या दुर्बिणीत कडेने सुटे तारे दाखवतो. कृत्तिका, पुष्यातला एम ४४, ययातीतला जोडगुच्छ हे कमी वर्धनावर बघायचे, आणि पार्श्वभूमी राखाडी असेल हे गृहीत धरायचं.

आयपीसमध्ये सगळीकडे पांढुरका धूसरपणा दिसतो. दुर्बिणीत दोष आहे का?

बहुधा चंद्राचा उजेड थेट दुर्बिणीच्या आत शिरतो आहे. आकाशाचा उजेड टाळता येत नाही, हा टाळता येतो, आणि चांदण्या रात्री सर्वांत जास्त फरक इथेच पडतो.

आधी तपासा. दुर्बीण चंद्रापासून ३०-४० अंशांवर रोखा आणि आयपीसपासून २०-३० सेंटीमीटर मागे सरून त्यातल्या लहान उजळ गोल ठिपक्याकडे बघा. हा ठिपका म्हणजे दुर्बिणीतून बाहेर पडणारा खरा प्रकाश. त्याच्या भोवती सगळं काळं दिसायला हवं. तिथे चमकती कडी किंवा राखाडी चंद्रकोर दिसली, तर नळीच्या आतून कुठून तरी उजेड उसळतो आहे. आता आयपीस काढून फोकसरच्या (आयपीस बसतं त्या, पुढे-मागे सरकणाऱ्या) नळीतून आत बघा, चमकणारी जागा लगेच सापडते. न्यूटोनियनमध्ये (बाजूने बघायच्या, आरशाच्या दुर्बिणीत) ती बहुतेक वेळा फोकसरच्या समोरची नळीची भिंत किंवा फोकसरच्या नळीचा आतला चकचकीत धातू असते.

उपाय असे करा. फोकसरसमोरच्या भिंतीवर काळं मखमली कापड किंवा चिकट काळा फ्लॉक कागद लावा, फोकसरच्या अक्षापासून चारही बाजूंना वीतभर. नळीच्या तोंडावर काळ्या फोमचा किंवा जाड काळ्या कागदाचा दंडगोल चढवा, लांबी व्यासाच्या दीडपट. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये (पुढे काच असलेल्या, आरशांच्या आखूड दुर्बिणीत) पुढची काच अगदी तोंडाशीच असते, म्हणून तिथे हा दंडगोल हवाच. उघड्या सांगाड्याच्या डॉब्सोनियनला कापडी आवरण चढवा, आणि ते सैल होऊन प्रकाशाच्या वाटेत लोंबत नाही ना ते बघा. सर्वांत सोपा उपाय मात्र जागा बदलण्याचा: दुर्बीण भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत अशी ठेवा की तिच्यावर चांदणं पडणारच नाही.

एवढं करूनही धूसर असेल तर काचा बघा. आरशावरची धूळ, आयपीसच्या काचेवरचा पापण्यांचा तेलकट ठसा आणि दवाचा पातळ थर अंधाऱ्या रात्री लक्षात येत नाहीत. चंद्राजवळ तेच उजेड विखुरतात. डोळ्याभोवतीही उजेड येतो. रबरी आयकप उभा करा, आणि डोक्यावरून काळं कापड घेऊन आयपीससकट झाका. आत श्वासाची वाफ काचेवर धरते, म्हणून कापडाची खालची बाजू मोकळी ठेवा.

फाइंडरमध्ये ओळखीचे तारेच सापडत नाहीत, काय करावं?

लाल ठिपक्याचा फाइंडर वर्धन करत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना चौथ्या प्रतीपर्यंतच दिसत असताना तो लंगडा पडतो. ९×५० चा फाइंडर सातव्या प्रतीच्या आसपास पोचतो, तोच वापरा. ठळक तारा धरून लक्ष्यापर्यंत फाइंडरच्या एका क्षेत्राहून लांब उडी न घेता सरका. तुमच्या फाइंडरचं क्षेत्र किती अंशांचं आहे हे एकदा मोजून नकाशावर त्या मापाचं वर्तुळ आखून ठेवलं, की निम्मे गोंधळ संपतात.

फाइंडर जुळवायला चंद्र घेऊ नका. अर्धा अंश रुंद चकतीचा मध्य डोळ्यांनी नीट साधत नाही. ठळक तारा घ्या. गो-टू माउंट (लक्ष्याकडे आपोआप वळणारी दुर्बिणीची बैठक) जुळवतानाही हीच गोष्ट लागू.

चंद्र सतत आयपीसमधून निसटतो. ट्रॅकिंग चालू असूनही?

ट्रॅकिंग (आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवत ठेवणं) नसेल तर आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. १०० पटीला अर्ध्या अंशाच्या क्षेत्रातून वस्तू दोन मिनिटांत पार होते. ट्रॅकिंग असेल तर ते बहुधा ताऱ्यांच्या गतीवर असतं. चंद्र ताऱ्यांच्या मानाने सेकंदाला सुमारे अर्धा आर्कसेकंद पूर्वेला सरकतो, म्हणून दहा मिनिटांत तो पाच-साडेपाच कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) हटतो. माउंटच्या मेन्यूत चंद्रगतीचा पर्याय असतो, तो निवडा.

ताऱ्याचं पिधान कसं बघावं?

पिधान म्हणजे चंद्राने तारा झाकणं. शुद्ध पक्षात ते बघायला सोपं, कारण चंद्राची पुढची कडा काळी असते आणि तारा तिच्यामागे दडतो. वद्य पक्षात तो काळ्या कडेतून बाहेर येतो; तेव्हा नेमका कुठून येणार हे आधी ठाऊक हवं.

वेळेच्या दहा मिनिटं आधी १००-१५० पट वर्धन लावा आणि चंद्राचा उजळ भाग क्षेत्राबाहेर काढा. शेवटच्या दोन मिनिटांत नजर हलवू नका. चंद्राला वातावरण नसल्याने तारा मंदावत नाही, आहे तसा असताना एकदम नाहीसा होतो. तो दोन टप्प्यांत गेला, तर ती जवळची जोडी. ज्येष्ठा ताऱ्याचा जोडीदार १८१९ मध्ये योहान टोबियास ब्युर्ग यांना असाच पिधानाच्या वेळी दिसला. वेळ नोंदवायची तर आवाज रेकॉर्ड करणारा फोन आणि अचूक घड्याळाचे ठोके एकाच ध्वनिमुद्रणात घ्या आणि तारा जाताच ‘गेला’ म्हणा. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा आणि कृत्तिकांतले तारे चंद्राच्या वाटेवर आहेत, पण प्रत्येकाचे पिधानाचे हंगाम काही वर्षांच्या अंतराने येतात. एकच पिधान दोन गावांतून वेगवेगळ्या वेळी दिसतं, म्हणून आपल्या अक्षांश-रेखांशासाठी काढलेलीच वेळ घ्या.

साध्या ध्रुवण फिल्टरचा उपयोग होतो का?

होतो, पण ठरावीक दिशेला. चंद्रापासून ९० अंशांवरच्या आकाशाचा विखुरलेला उजेड सर्वांत जास्त ध्रुवित असतो. तिथल्या लक्ष्यावर एकच ध्रुवक आयपीसला लावून आयपीस सावकाश फिरवा; एका स्थितीत पार्श्वभूमी गडद होते. धुरकट हवेत परिणाम फिका पडतो. चंद्राच्या जवळ किंवा अगदी विरुद्ध दिशेला काहीच होत नाही. दिवसा अष्टमीचा चंद्र बघताना हीच युक्ती चालते, कारण तो सूर्यापासून ९० अंशांवर असतो.

फोनने चंद्राचा फोटो भगभगीत पांढरा येतो. का?

फोन आजूबाजूचा काळोख मोजून उजेड वाढवतो. चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, मग एक्स्पोजर खाली ओढा. सर्वांत उजळ भागातही तपशील दिसेपर्यंत. २५-३२ मिलीमीटरचं आयपीस, फोन धरायचा अडॅप्टर आणि तीन सेकंदांचा टायमर एवढं पुरतं. कॅमेरा असेल तर पौर्णिमेला एफ/११, आयएसओ १००, १/१०० सेकंद इथून सुरुवात करा. अर्ध्या चंद्राला वेळ चार-पाच पट वाढवा.

तपशील हवा असेल तर फोटोऐवजी एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि ऑटोस्टॅकर्टसारख्या सॉफ्टवेअरने त्यातल्या सर्वांत स्थिर १०-२० टक्के चौकटी एकावर एक रचा. तेजोमेघांचे फोटो काढणाऱ्यांनी चांदण्यात हायड्रोजन-अल्फा फिल्टर वापरावा. ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल पट्ट्यात चांदणं कमी विखुरतं. ओ-थ्रीच्या चौकटी अमावास्येसाठी राखून ठेवा.

रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांच्या नोंदी चांदण्यात घ्याव्यात का?

ठळक ताऱ्यांच्या घ्या. तांबडे तारे सांभाळून: पार्श्वभूमीच्या उजेडाप्रमाणे डोळा लाल आणि पांढऱ्या ताऱ्यांची तुलना वेगळी करतो, त्यामुळे अंदाज चुकतो. पटकन नजर टाकून तुलना करा, टक लावून बघू नका, आणि नोंदीत चंद्र असल्याचं लिहा.

दुर्बिणीची कोणती कामं चांदण्या रात्री उरकावीत?

आरसे जुळवण्याची तारा-चाचणी. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा, बराच वर असलेला तारा क्षेत्राच्या मध्यभागी आणा. दुर्बीण किमान अर्धा-पाऊण तास बाहेर थंड झालेली हवी. व्यास जितके मिलीमीटर तितक्या पटीचं वर्धन ठेवा आणि फोकस किंचित हलवा. ताऱ्याची पसरलेली कडी एकाच मध्याभोवती दिसली तर ठीक. एका बाजूला दाटलेली असतील तर प्रत्येक वेळी आरसा जुळवायचा एकच स्क्रू पाव वळणापेक्षा कमी फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा आणि मगच पुढचा निर्णय घ्या. तारा मध्यावर न आणता स्क्रू फिरवत राहणं ही इथली नेहमीची चूक. कडेला तारा जुळवणी बरोबर असतानाही वाकडाच दिसतो.

दवाने काच धुकटली तर पुसायची का?

पुसू नका, ओल्या धुळीने काचेवर चरे पडतात. हेअर ड्रायर मंद उष्णतेवर, हातभर अंतरावरून फिरवा. पुढचा काळा दंडगोल दवालाही अडवतो. आत आल्यावर झाकणं लावून ओली दुर्बीण पेटीत बंद केली तर काचांवर बुरशी धरते. झाकणं काढून, तोंड खाली करून खोलीत पूर्ण कोरडी होऊ द्या, मग झाका.

चंद्राभोवती मोठं कडं दिसतंय. निरीक्षण रद्द करावं का?

२२ अंश त्रिज्येचं कडं म्हणजे उंचावर बर्फाच्या स्फटिकांचे पातळ ढग. क्षीण काही दिसणार नाही, पण चंद्र, गुरू आणि ठळक जोडतारे बघा, कारण असा पातळ पडदा असताना हवा पुष्कळदा स्थिर सापडते. ताऱ्यांची लुकलुक किती आहे ते बघून वर्धन ठरवा.